उजेड काढायचा नाही

कॉलेजनं दिलेला पत्ता शोधत ती पोरगी भर दुपारी चपलांच्या दुकानापाशी येऊन थांबली. दुकानदारानं तिच्या तोंडाआधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग अंगठ्यानं जिना दाखवला.

"डोळेवाल्या बाई ना? वर. कठड्याला हात लावू नका, हलतो."

काम अगदी साधं होतं. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक सत्रभर कुणातरी कारागिराकडे जाऊन, प्रत्यक्ष हातानं काम करून शिकायचं, असा कॉलेजचा नियम होता. वर्गातल्या धीट मुलांनी जाहिरातींच्या कचेऱ्या पटकावल्या, सिनेमाचे सेट पटकावले. एका नावाजलेल्या शिल्पकाराचा कारखाना तर दोघांनी भांडून वाटून घेतला. ही त्या दिवशी तापानं खोलीत पडून होती आणि ही आलेली नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उरलंसुरलं हिच्या पदरात पडलं. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाई.

माणसं म्हणतात, भुतांना काळोख लागतो. ज्यांनी काही पाहिलेलं नसतं तीच असं म्हणतात. हे जे घडलं ते उत्तरेच्या खिडकीच्या स्वच्छ, थंड उजेडात घडलं. खाली गिऱ्हाइकं चपलांचे जोड घालून चालून बघत होती, तेव्हा घडलं.

वर एक लांबट खोली होती. दारातच वासानं गाठलं. नखांना लावायच्या रंगासारखा उग्र, घशात झोंबणारा, आणि त्याच्याखाली मेणाचा मऊ वास. भिंतीला उथळ कप्प्यांचं कपाट. एक कप्पा अर्धवट उघडा होता, आत कापसावर डोळे मांडलेले होते. तपकिरी, करडे, घारे. सगळे छताकडे बघत होते. खिडकीपाशी टेबल, त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या. खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची कामाची, तिच्या डाव्या हाताला चिकटून एक लाकडी स्टूल. पोरीनं आपली पिशवी त्या स्टुलावर ठेवली.

"उचल ती!"

बाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, रुंद, विरळ पांढरे केस मानेवर कापलेले. हातात घासायचं यंत्र.

"त्याच्यावर काही ठेवायचं नाही. बसायचंही नाही. कळलं?"

"हो."

"केस कुणी कुरतडले तुझे? उंदरानं?"

पोरीचा हात आपल्या आखूड केसांकडे गेला. "मीच कापले."

"बरं केलंस. कामात आड येत नाहीत. बस त्या खुर्चीत. कॉलेजात डोळा कसा काढतात, सांग."

"आधी आकार. मग बुबुळ, त्यात मधली काळी बाहुली. मग सावल्या. आणि शेवटी बाहुलीच्या कडेला एक पांढरा ठिपका. उजेडाचा. त्यानं डोळा जिवंत होतो, असं सर म्हणतात."

"सर खोटं बोलत नाहीत. कागदाला ते लागतं, कागद ओला नसतो ना! पण इथं आपण डोळा रंगवतो तो माणसाच्या खोबणीत बसतो. त्याच्यावर पापणी फिरते, पाणी फिरतं, खरा उजेड पडतो. ज्याचा उजेड त्यानं मिळवावा. तू काढायचा नाहीस." बाई टेबलावर बोट आपटत म्हणाल्या, "इथं दुसरं काहीही चुकलीस तर चालेल, पण उजेड काढायचा नाही. काढलास तर त्या डोळ्यासमोर एक खिडकी कायमची उघडी राहील. माणूस झोपला तरी मिटायची नाही."

अशी तिची उमेदवारी सुरू झाली.

बाई शिकवत म्हणजे काय, तर एकदा करून दाखवत आणि आत निघून जात. नखाएवढ्या काळ्या चकतीवर रंगाचे थर कसे चढवायचे. प्रत्येक थरावर पारदर्शक थेंब सोडून खोली कशी आणायची. लाल रेशमाचा धागा उसवून त्याच्या कुसळाएवढ्या तंतूंनी पांढऱ्या भागावरच्या शिरा कशा मांडायच्या. मग दार ओढून घ्यायच्या. आतून घासायच्या यंत्राची घरघर येत राही आणि पोरगी खिडकीपाशी एकटी. केलेलं दाखवायला गेली की बाई भिंग लावून बघत, "मेलेल्या माशाचा आहे," म्हणत आणि चकती डब्यात टाकत.

"कुठं चुकलं ते सांगाल का?"

"तुझं तुला दिसेल तेव्हा दिसेल."

एकदाच, चहा पिताना, त्या आपणहून बोलल्या. आमचे मास्तर असे नव्हते म्हणाल्या. मास्तर त्या स्टुलावर बसत. डोक्यावर लोकरीची घट्ट टोपी, उन्हाळ्यातसुद्धा. शिकणाऱ्याचा हात अडला की मनगट धरत आणि धरूनच रेघ पुरी करून घेत. "मला नाही जमत तसं. मला कुणी शेजारी बसलेलं खपत नाही. मास्तरांची गोष्ट वेगळी." मग पेला धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला.

पोरीला मात्र तेच हवं होतं. कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. वसतिगृहातली तिची जोडीदारीण लग्न होऊन गेली, तिची खाट उघडी पडून होती. सुट्टीच्या दिवशी पोरीच्या तोंडून एक शब्द निघत नसे. कधी कधी ती उगाच दुकानात जाऊन काडेपेटी मागायची, आपला आवाज आहे ना हे बघायला. घरून दादाचा फोन यायचा.

"झालं का तुझं डोळे मारणं?" दादाचा विनोद कायम हाच. मग आवाज बदलायचा. "हे बघ, वर्ष संपलं की बॅग भर. माझ्या दुकानात गल्ल्यावर बस. वहिनीलाही हातभार होईल. चित्रांवर कुणाचं पोट भरलंय?"

एके दिवशी बाईंनी तिला समोर बसवलं. बाईंच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे तोवर पोरीला कळून चुकलं होतं. भिंग लावूनही त्या चकती नाकाला टेकवत.

"शस्त्रक्रिया करायची म्हणतायत. नंतर बहीण मला तिच्याकडे नेईल. ही जागा बंद करायची किंवा कुणाच्या तरी हाती द्यायची. उद्या एक शिंपी येतोय. त्याचा डोळा तू एकटीनं करायचा. जमला तर राहा, जागा तुझी. नाही जमला तर तू सांगतेस तो भावाचा गल्ला आहेच."

त्या रात्री पोरीला झोप लागली नाही, हे काय सांगायला हवं?

शिंपी आला तो हसतच. डाव्या डोळ्यावर पट्टी, गळ्यात अजून मोजायची टेप.

"ताई, घाई नाही हो. सुईत दोरा ओवायला एकच डोळा लागतो. दुसरा आपला गिऱ्हाइकाला दाखवायला."

बाई दवाखान्यात गेल्या होत्या. आभाळ भरून आलं होतं आणि खिडकीतून राखेसारखा सपाट उजेड येत होता. या कामाला तोच उत्तम. पोरीनं त्याला समोर बसवलं, "सरळ खिडकीकडे बघा, हलू नका," असं सांगितलं आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात बघायला वाकली.

जवळून पाहिलं की डोळा हा डोळा राहत नाही. तळं होतं त्याचं. तपकिरी तळ, त्यात काथ्याच्या दोऱ्यांसारखे धागे, कडेला करडं वलय. आणि वर, पाण्यावर तरंगावी तशी, खिडकी. इवलीशी, वाकलेली, चार तावदानांची. तिच्यात काळं, आखूड केसांचं एक डोकं. ते तिचं स्वतःचं.

त्याच्या शेजारी दुसरं डोकं होतं.

ती मागं वळली. स्टूल रिकामं. मागं खिडकी, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची कोरी भिंत. पुन्हा डोळ्यात पाहिलं. दोन डोकी. दुसरं जरासं कललेलं होतं, शेजारच्याच्या वहीत डोकावून बघावं तसं. आणि त्या डोक्यावर केसांचा मोठा अंबाडा होता, सैल बांधलेला, त्यात काहीतरी काडीसारखं खोचलेलं.

"बाई आल्या वाटतं?" शिंप्यानं ओठ न हलवता विचारलं.

"नाही... का?"

"नाही... आपलं... श्वास दोघींचा ऐकू येतोय."

पोरीनं ओठ मिटले. श्वास रोखला. खोलीत श्वास चालूच होता. सावकाश, डाव्या कानाशी. रंगाचे ब्रश विसळायच्या तेलाचा जुना वास आला. ते तेल बाई वापरत नसत.

पळून जावं, असं कुणालाही वाटेल. तिलाही वाटलं असतं. पण तेवढ्यात तिच्या मनगटाभोवती थंड, हलकी अशी पकड बसली आणि तिचा हात स्थिर झाला. ब्रश चकतीवर टेकला. रेघ निघाली. इतकी बारीक, इतकी नेमकी रेघ तिच्या हातून जन्मात निघाली नव्हती. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काही हललं. कुणीतरी आपला हात धरलाय, किती दिवसांनी... ती बसून राहिली. तिनं हात सोडवून घेतला नाही. इथं तिचं चुकलं असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं आधी रिकाम्या खाटेशेजारी एक वर्ष झोपून दाखवावं.

शिंपी कधी गेला, तिला आठवत नव्हतं. बाई आल्या तेव्हा चकती तयार होती. बाईंनी ती उचलली, नाकाशी धरली, भिंग लावलं. यंत्राची घरघर नाही, नळाचं पाणी नाही. खाली कुणीतरी चपलेचा जोड आवडला नाही म्हणून हुज्जत घालत होतं, तेवढाच आवाज.

"डोळा शिंप्याचा आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "शंभर टक्के त्याचाच. पण उजेड काढलास."

पोरगी दचकून वाकली. खरंच होतं. बाहुलीच्या कडेला पांढरी खिडकी, चार तावदानांची. ती आपण कधी काढली, हे तिला माहीतच नव्हतं.

"चुकलं... मी नवीन करते."

"थांब." बाईंचा आवाज एकाएकी म्हातारा झाला. "खिडकीत दोन काळे ठिपके आहेत. एक तू. दुसरं कोण?"

"...दिसलं तसं काढलं."

"शेजारी? स्टुलाच्या बाजूला?"

"हो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "मनगट धरलं?"

पोरीनं मान डोलावली.

"मास्तर," बाई म्हणाल्या. त्यांचे धुरकट डोळे भरून आले होते. "मास्तर गेल्यापासून ते स्टूल मी रिकामं ठेवलं गं. कुणाला बसू दिलं नाही. आज येतील, उद्या येतील. प्रत्येक डोळ्यात वाकून बघायची मी, खिडकीत कुणी दिसतं का. कधी नाही आले. एकदाही नाही. आणि तुझ्यासाठी आले, कालच्या पोरीसाठी!" त्या रागावल्या की रडल्या, सांगता येत नव्हतं. मग त्यांनी पोरीचं मनगट पकडलं, उबदार, खरखरीत हातानं. "ज्याला मास्तरांनी हात दिला त्याला मी कशी घालवू? जागा तुझी. पण एकदा सांग. मला नीट दिसत नाही, तू पाहिलंस. टोपी होती ना डोक्यावर?"

पोरीनं चकतीकडे पाहिलं. डोळ्यांपुढं दादाचा गल्ला आला. वसतिगृहाची उघडी खाट आली. आणि बाईंचा चेहरा तर समोरच होता, वाट बघून बघून झिजलेला.

"...होती," ती म्हणाली. "लोकरीची."

शिंप्याचा डोळा तिनं पुन्हा केला, उजेड न काढता. या वेळी बाई दाराशी, स्टुलापासून अंतर राखून उभ्या राहिल्या, हात जोडल्यासारखे धरून. "आहेत का?" त्यांनी कुजबुजत विचारलं. शिंप्याच्या डोळ्यातल्या खिडकीत अंबाडा होता. आधीपेक्षा जवळ, पोरीच्या गालाला गाल लागेल इतका.

"आहेत," पोरगी म्हणाली. एवढंच निदान खोटं नव्हतं.

डोळा बसवला तेव्हा शिंप्यानं आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला लगेच विनोद सुचला नाही. दोन्ही डोळे सारखे ओलावले. "बायको विचारेल, आता यातल्या कोणत्या डोळ्याकडे बघून भांडायचं," म्हणत त्यानं नाक पुसलं. पोरगी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. कठड्याला हात न लावता उतरता उतरता तो वळला.

"ताई, त्या दुसऱ्या बाई कोण हो? मागच्या खेपेला होत्या त्या, दिसल्या नाहीत कुठं. तुम्ही काम करताना सारख्या गुणगुणत होत्या. आवाज गोड होता, पण... आमच्याकडे प्रेत उचलायच्या आधी बायका असा सूर लावतात. मी आपलं म्हटलं, सांगावं."

"मास्तर असतील आमचे," पोरगी बोलून गेली.

"मास्तर?" शिंप्यानं वर, खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग तो नव्या डोळ्यावर हात ठेवून भराभर उतरून गेला.

बहीण बाईंना न्यायला आली त्या दिवशी बाईंनी कपाटाच्या किल्ल्या पोरीच्या ओंजळीत ठेवल्या. जाता जाता त्या स्टुलापाशी थांबल्या. एवढी तोंडाळ बाई, पण तिथं लहान मुलीसारखी उभी राहिली.

"मास्तर, येते मी. रुसले होते, पण आता नाही. पोरीला सांभाळा." मग पोरीकडे वळून म्हणाल्या, "घाबरू नकोस हं. तू काही इथं एकटी नाहीस."

सांगून टाकावं, असं पोरीच्या जिभेवर आलं होतं. बाई, ते मास्तर नाहीत. तिथं कुणी बाई आहे आणि ती कोण हे मला ठाऊक नाही. पण त्या म्हातारीनं आयुष्यभर जपलेलं एवढं एकच सुख, ते दारातून बाहेर पडताना हिसकावून घ्यायचं? पोरीनं वाकून नमस्कार केला. जिन्यावरची पावलं विरत गेली. बहिणीचा आवाज आला, "कठडा हलतोय गं, सांभाळून." मग रस्ता. मग काहीच नाही.

तिनं दार लावलं. खोलीत तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी पहिलीच रुग्ण आली, शाळेत जाणारी एक मुलगी. बाप खाली दुकानात तिच्यासाठी बूट बघत थांबला होता. मुलगी शहाण्यासारखी समोर बसली, पाय लोंबकळत ठेवून. पोरीनं चकती घेतली, रंग मिसळले, आणि आपण बाईंसारखं करायचं नाही, असं मनाशी ठरवून ती गोड आवाजात म्हणाली, "सरळ खिडकीकडे बघ हं, बाळा. मी तुझ्याशी बोलत राहीन, म्हणजे तुला कंटाळा येणार नाही."

ती वाकली. घारा, निर्मळ डोळा. तळाशी मधाचे धागे. वर खिडकी, चार तावदानांची.

खिडकीत आज एकच डोकं होतं.

तिला इतकं हायसं वाटलं की हसू आलं. गेली, बाईंबरोबर गेली. मग तिनं आणखी जवळून पाहिलं. त्या एका डोक्यावर सैल अंबाडा होता, आणि ते अगदी मधोमध होतं, कामाच्या खुर्चीत.

पोरीनं डावा हात वर नेला, आपल्या आखूड केसांना लावला. डोळ्यातल्या खिडकीत काहीच हललं नाही. तिनं बोलायला तोंड उघडलं. समोरची मुलगी तशीच बघत होती, कुणाच्या तरी गुणगुणण्यावर पाय हलवत, आणि पोरीनं काय विचारलं ते तिला ऐकूच आलं नाही.

उजवा हात मात्र चालू होता. रेघेमागून रेघ येत होती, न थांबता, न थरथरता. फार सुरेख काम चाललं होतं.